बारा बीच आणि एक विहीर

पार्सिपनी, न्यू जर्सी
१६ जुलै २००६

तीर्थस्वरूप पुरुषोत्तमदादा यांस,
धाकट्या मालूचा सातासमुद्रापलीकडून साष्टांग नमस्कार.

तुझा गुडघा आता कसा आहे? वहिनीची शुगर? (वहिनीला सांग, मी शुगर विचारतेय, आंबे किती खाल्ले ते विचारत नाहीये.) तुझं पत्र पोचलं. पहिलं पान वाचून बरं वाटलं आणि दुसरं पान वाचून घास उतरेना. मळ्यातली विहीर बुजवून तिथे कुमारच्या नव्या गाडीसाठी शेड बांधायची, हे तू असं लिहिलंयस की जणू गोठ्यातला एक खुंटा उपटायचाय. पोराला गाडी लावायला जागा हवी हे मला समजतं. पण त्याबद्दल मी आत्ता एक अक्षर लिहिणार नाही. रागाच्या भरात लिहिलेलं पत्र पेटीत टाकू नये, हे मला तूच शिकवलंस. आधी माझा पराक्रम ऐक. विहिरीचं मग बघू.

तर आम्ही ग्रीसला जाऊन आलो. नॅक्सॉस नावाचं बेट आहे. तिथेच का, असं विचारशील तर राज आणि नीनामुळे. हे दोघं शंतनूच्या ऑफिसातले, इथेच दोन रस्ते सोडून राहतात. गेल्या वर्षी ते तिकडे गेले होते आणि परत आल्यावर त्यांनी पॉटलकला (म्हणजे ज्यांना बोलावलं त्यांनीच जेवण घेऊन यायचं, अशी इथली पंगत) भिंतीवर दोन तास फोटो दाखवले. नऊ बीच! माझा छोल्यांचा डबा मांडीवर तसाच गार झाला. दुसऱ्याच दिवशी शंतनूने कॉम्प्युटरवर तक्ता केला. आपल्याकडे माणूस ईर्षेला पेटला की मजला चढवतो, इथे एक्सेल उघडतो. पाच दिवसांत बारा बीच. प्रत्येकाला वाळू, पाण्याचा रंग, पार्किंग, टॉयलेट आणि सावली यांचे दहा-दहा मार्क. सावलीचे मार्क द्यायचं काम माझ्याकडे होतं. तीस वर्षं भूगोलाचे पेपर तपासलेली बाई मी, एकाही बीचला सहाच्या वर दिले नाहीत. शंतनू म्हणाला, आई, जरा लिबरल हो. म्हटलं, सावली असेल तर मार्क मिळतील, रडून मिळत नाहीत.

आता कागदांचं सांगते, कारण पुढचं सगळं रामायण त्यावर आहे. इथे आपली मुलं कागदांना जितकं जपतात तितकं आपल्या आईने मंगळसूत्राला जपलं नसेल. चौघांचे पासपोर्ट, व्हिसे, आणि ऑफिसने दिलेला एक कागद असा, की तो नसेल तर परतताना अमेरिका यांना उंबऱ्यावरसुद्धा उभं करणार नाही. हे सगळं कुठे ठेवायचं? हॉटेलच्या तिजोरीवर शंतनूचा विश्वास नाही. गाडीवर नाही. शेवटी राधिकाने (सूनबाई हुशार आहे, उगाच नाही कंपनीत टीम सांभाळत) निळ्या झाकणाचा हवाबंद प्लास्टिकचा डबा काढला. कागद आधी एका पिशवीत, ती दुसऱ्या पिशवीत, मग डब्यात. आणि तो डबा रोज आमच्याबरोबर बीचवर. तसाच दुसरा निळा डबा माझा, बेसनाच्या लाडवांचा. म्हणजे परदेशात अडचण आली तर एका डब्याने सुटका होईल आणि दुसऱ्याने तग धरता येईल, अशी आमची तयारी.

बेटावर भाड्याची गाडी मिळाली ती गिअरची. शंतनूला इथे सात वर्षं बिनगिअरच्या गाडीची सवय, त्यामुळे क्लच म्हणजे काय हेच तो विसरलेला. पहिले दोन दिवस आम्ही त्या बेटावर आचके देत फिरलो. रिव्हर्स तर सापडेचना, म्हणून कुठेही वळायचं झालं की राधिका आणि मी उतरून गाडी ढकलायचो. चौथ्या बीचला मात्र चमत्कार झाला. टेकडी उतरून गाडी वाळूपाशी थांबली आणि समोर पन्नासेक माणसं, बायका आणि पुरुष, अंगावर चिंधी नाही. मन लावून पुस्तकं वाचत पडलेली. दादा, दोन दिवस न सापडलेला रिव्हर्स पोराला अर्ध्या सेकंदात सापडला! टेकडी वरपर्यंत उलटी चढून गेलो आम्ही. राधिकाने हळूच विचारलं, आई, तुम्हाला काही दिसलं नाही ना? म्हटलं, नाही गं, चष्मा नव्हता. (चष्मा डोळ्यांवर होता. त्यातल्या तिघा-चौघांनी सावली मात्र फार चांगली निवडली होती, पण मार्क देता आले नाहीत.)

पण दादा, खरी गंमत अशी की बाराच्या बारा बीच बघायला निघालेल्या या कुटुंबात पाण्यात उतरणारं कोणी नव्हतंच. शंतनूला पोहता येत नाही, ही माझी चूक. राधिका घोट्याच्या वर पाणी आलं की डोळे मिटते. इशिता पूलमध्ये पोहते, तिच्याकडे सर्टिफिकेटही आहे, पण तळाच्या फरशा मोजता आल्या तरच. समुद्राचा तळ दिसेना तशी ती म्हणाली, "नो वे, आजी, देअर कुड बी एनीथिंग डाउन देअर." आठ वर्षांची पोर, आणि भीती साठीतल्या माणसासारखी. मग काय, उतरायचं, वाळूत ओळीने उभं राहायचं, फोटो, मार्क, पाय झटकायचे, पुढचा बीच. समोर पाणी असं की काचेच्या बरणीत निळी शाई पातळ करून ठेवावी, आणि आम्ही पार्किंगला सात की साडेसात यावर वाद घालतोय.

मी दुसऱ्याच दिवशी म्हटलं होतं, मी जरा उतरते. शंतनू दचकलाच. आई, तुझं बीपी. आई, व्हिजिटर इन्शुरन्समध्ये बीपी कव्हर नाही. आई, तू शेवटची पोहलीस कधी? खोटं कशाला बोलू, लग्नाच्या आधी, एकोणिसाव्या वर्षी. चव्वेचाळीस वर्षं झाली. सासरी नळ होता, आणि नळात पोहता येत नाही. कोणी मनाई केली असं नाही, कोणी विचारलंच नाही, आणि मीही सांगितलं नाही. पण त्या बेटावर रोज पाण्याच्या काठाशी चपला हातात घेऊन उभी राहायचे तेव्हा, खरं सांगते, रडू यायचं. वाटायचं, आता इतकं जवळ येऊन कोरडीच परत जाणार मी. आणि तूच दिसायचास, मळ्यातल्या विहिरीच्या तिसऱ्या पायरीवर, माझ्या पाठीला वाळका भोपळा बांधताना. पाण्याशी भांडू नकोस मालू, ते आपल्यापेक्षा मोठं आहे, त्याच्या कलाने घे. आठवतं?

तर अकरावा बीच. शेवटून दुसरा दिवस. वारा सुटला होता. मी वाळूत पिशवीवर बसून सावलीला साडेचार मार्क देत होते. इशिताकडे हवा भरलेली हिरवी मगर होती. तिला घोटाभर पाण्यात ढकलायची, दोरीने परत ओढायची, असा खेळ चाललेला. मगरीला पॅसेंजर हवा म्हणून तिने निळा डबा तिच्या पाठीवर ठेवला. वाऱ्याचा एक झोत आला, दोरी हातातून सुटली आणि मगर डबा घेऊन निघाली थेट आत. राधिका ओरडली, "शंतनू! डॉक्युमेंट्स!" शंतनू धावला तो गुडघाभर पाण्यात, तिथेच खिळला आणि नुसते हात हलवायला लागला, बस थांबवावी तसे. दादा, त्या क्षणी त्याचा चेहरा तू बघायला हवा होतास. सात वर्षांची नोकरी, घर, पोरीची शाळा, सगळं एका मगरीच्या पाठीवर बसून चाललंय, असा चेहरा.

मी उठले. पदर खोचला, पाचवारीचा ओढूनताणून काष्टा घातला (पाचवारीत काष्टा म्हणजे लोकांना दिवाळीच्या फराळात भाकरी वाढण्यासारखं आहे, पण झालं ते झालं), चष्मा इशिताच्या हातात दिला आणि चालत निघाले. शंतनू "आई! बीपी!" म्हणेपर्यंत पाणी छातीला लागलं होतं. आणि मग पाय सुटले. पहिले चार हात भलतेच. नाकात पाणी, तेही खारट. आपल्या विहिरीचं पाणी निदान प्यायच्या लायकीचं होतं. आणि मग दादा, अंग आपोआप आडवं झालं. चव्वेचाळीस वर्षं कपाटात घडी घालून ठेवलेलं लुगडं उलगडावं आणि एकही चूण फाटलेली नसावी, तसं. आपल्या विहिरीच्या आठ रुंद्या असतील, तेवढं अंतर मी काटलं. मगरीचं शेपूट धरलं, डबा काखेत घेतला आणि उलटी फिरून, पाठीवर, आभाळाकडे बघत, पाय मारत आले. घाई नव्हती मला. जरा जास्तच सावकाश आले, हे कबूल करते.

काठावर चाळीस-पन्नास गोरी माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती. एक छत्र्या भाड्याने देणारा म्हातारा "ब्राव्हो, ब्राव्हो" करत आला आणि त्याने मला कलिंगडाची फोड दिली. शंतनू मला मिठी मारून रडत होता आणि रागावतही होता. मी डबा टॉवेलने पुसला, पिशवीत घातला, आणि आत हात घालून एकेक कागद काढून त्याच्या हातात दिला. कोरडे ठणठणीत. थेंबसुद्धा लागला नव्हता. इशिता माझा चष्मा घेऊन समोर उभी. म्हणाली, "आजी, हू टॉट यू दॅट?" मी तुझं नाव सांगितलं. तिने चष्मा माझ्या नाकावर चढवला आणि म्हणाली, "कॅन ही टीच मी टू?"

बाराव्या बीचला आम्ही गेलोच नाही. शेवटचा अख्खा दिवस अकराव्यावर काढला. मी सकाळ-संध्याकाळ पाण्यात, आणि इशिता माझ्या खांद्याला धरून कमरेभर पाण्यात. शंतनूने तक्त्यात अकराव्या बीचला शंभरापैकी शंभर मार्क दिले. एकूण मार्कच पन्नास आहेत, हे मी त्याला सांगितलं नाही. इथे परत आल्यावर पॉटलक झालं. राज-नीनासमोर शंतनूने बीच दाखवलेच नाहीत, फक्त माझा फोटो दाखवला, मोठा करून. राधिकाने धावपळीत काढला म्हणून तो जरा हललाय. सोबत एक प्रत पाठवतेय. निळ्यात जो काळा ठिपका आहे तो माझा अंबाडा. वहिनीला दाखव आणि देवघराशेजारी लाव, देवघरात नको.

सर्वांना यथायोग्य. गुडघ्याला तेल लावत जा.

तुझीच,
पाण्यातून वर आलेली मालू

ता. क. एक गोष्ट फक्त तुला सांगते, वहिनीलाही नाही. मगरीवर गेलेला डबा लाडवांचा होता. त्याची खीळ मोडली होती म्हणून मीच त्याला परकराची लाल नाडी बांधली होती, ती मला बसल्या जागेवरून स्वच्छ दिसत होती. कागदांचा डबा पिशवीत होता आणि पिशवीवर मी बसले होते. एक शब्द बोलले असते तर शंतनूचा जीव भांड्यात पडला असता आणि मी जन्मभर काठावर राहिले असते. म्हणून नाही बोलले. पोराला सहा-सात मिनिटं छळलं त्याचं वाईट वाटतं, पण फार नाही. लाडवांत थोडं पाणी गेलं होतं. त्याने संध्याकाळी चार खाल्ले, म्हणाला आज चव काहीतरी वेगळीच लागली आहे.

ता. क. २. तूही एकदा माझ्या पाठीवरचा भोपळा न सांगता सोडला होतास आणि मी अर्धी विहीर पार केल्यावर हसत हसत दाखवला होतास. तेव्हा मला बोलायला तुला तोंड नाही.

ता. क. ३. नाताळच्या सुट्टीत मी इशिताला घेऊन येतेय. तिकिटं काढली आहेत. तिला अशा पाण्यात उतरायचंय ज्याचा तळ दिसत नाही, आणि तसं पाणी आपल्या घरात एकच आहे. कुमारची गाडी चिंचेखाली उभी राहील, गाडीला सर्दी होत नाही. विहिरीला हात लावू नकोस दादा. पायऱ्यांवरचं शेवाळ तेवढं काढून घे आणि एक भोपळा वाळवून ठेव. बांध तू, तुझ्याइतकी गाठ कोणाला येत नाही. सोडणार मात्र मी.