चाकांचा आउट काढून झाला

आमच्या सरकारांना सायकलस्वाराचा नमस्कार,

शनिवारी सुट्टीला निघतोय. दोन्ही चाकांचा आउट, म्हणजे वाकडेपणा, मीच काढला, आता केसभरही डुगडुगत नाहीत.

"अहो, या वयात एकटे? आणि गुडघा?" असं फोनवर म्हणालीस. रस्ता नदीकाठचा, सपाट आहे. चढ आलाच तर उतरून चालेन. खमंग वास येईल तिथे मुक्काम.

तुझ्या आईचं प्लास्टर कधी निघणार? तुम्ही दोघी तिकडे माहेरी घरात अडकलेल्या आणि मी मजा मारायला निघालो, हे मात्र खुपतं.

म्हणून ठरवलंय, सगळ्यात आवडेल तो पदार्थ तिथल्याच स्वयंपाकघरात उभं राहून शिकायचा. चाकांचा आउट काढायला तरी मला कोणी शिकवलं होतं? बघूनच शिकलो. परत येताना तुमच्याकडे आलो की मी रांधणार. तू फक्त पाटावर बसायचं आणि नावं ठेवायची.

तुझाच,
होऊ घातलेला आचारी