कागदावर आठ

सोमवार, ३ तारीख

परत आला! चौथा नमुना! साबणाच्या कंपनीतल्या बाई म्हणे, "छान आहे हो, पण जरा डोक्यात जातो." डोक्यात जातो! अहो, तुम्हीच मागितलंत ना — उन्हात वाळलेल्या चादरीत तोंड खुपसल्यावर येतो तो वास? तोच दिलाय. बावीस वर्षं वास बनवतेय मी. आता या मला चादर शिकवणार!

साहेब म्हणाले, "शुक्रवारी शेवटचा नमुना. नाही पटला तर काम दुसरीकडे जाईल." मग दारातून निघता निघता, "तुमच्या जागेचाही विचार करावा लागेल." असलं काही खुर्चीत बसून तरी सांगावं!

मंगळवार, ४

दोष कुणाचा ते मला ठाऊक आहे. नवीचा!

माझी पद्धत सरळ आहे. वास आधी डोक्यात जुळवायचा, कोणतं द्रव्य किती ते कागदावर लिहायचं, कागद तराजूच्या खोलीत पाठवायचा. तिथे मोजून मिसळलं की जेवणाआधी, पोट रिकामं असताना हुंगायचं. हे मोजायचं काम अकरा वर्षं काकूंनी केलं. कधी तक्रार नाही, कधी चूक नाही. महिन्यापूर्वी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी त्या लेकीकडे गेल्या आणि ही नवी आली. तेव्हापासून एक नमुना धड नाही. कानात गाणी लावून मोजते!

आज झाडली तिला. तर म्हणते, "मॅडम, कागदावर आहे तसंच घातलंय." वर तोंड करून!

बुधवार, ५

नवऱ्याने नमुन्यात बुडवलेली कागदाची पट्टी जेवणाच्या टेबलावरून उचलून गॅलरीत ठेवली. "ही इथे असेल तर मी जेवणार नाही."

"तुला काय कळतं साबणातलं?"

"रोज अंगाला लावतो ना!"

मी हसले नाही. बाथरूममध्ये जाऊन हसले. पण आज त्याचाही राग आला. जो उठतो तो माझ्या वासाला नावं ठेवतो.

गुरुवार, ६

स्वतः तराजूपुढे बसले. म्हटलं, दाखवतेच नवीला. चौदा द्रव्यं, थेंबाचाही फरक नाही. कृत्रिम कस्तुरी — चादरीचा मऊपणा तिच्यामुळेच येतो — कागदावर आठ ग्रॅम, बरोबर आठ घातली. पट्टी बुडवली, हुंगली. सुरेख! अगदी मनातला!

नवीच्या हातात दिली. तिने मान मागे घेतली. "आधीच्यासारखाच आहे, मॅडम. कस्तुरी फार होतेय."

खोलीबाहेर हाकललंच तिला. मग नुसत्या कस्तुरीची बाटली उघडून नाकाशी धरली. काही नाही. शिळी असेल म्हणून दुसरी, नवी कोरी फोडली. काहीच नाही, नुसती हवा! सर्दी म्हणावी तर लिंबाच्या सालीचं तेल लख्ख कळलं. बाकीची बाराही कळली. फक्त ही एक कळत नाही.

घाबरले. खरंच घाबरले. मला तिचा वास येतच नाही म्हणून मी ती वाढवत गेले असणार — पण कधीपासून? जुने कागद काढले. चार वर्षांपूर्वी तीन होती. मग चार, सहा. पुढे सगळीकडे आठ. पण ते सगळे नमुने तर पास झालेत! गेल्या वर्षीच्या पावडरला बक्षीससुद्धा मिळालं! कसं?

शुक्रवार, ७. सकाळ

काकूंना फोन केला. आधी गुडघ्याचं विचारलं, मग कस्तुरीचं. म्हणाल्या, "चार वर्षं झाली, मॅडम. तुम्ही कितीही लिहा, मी तीनच घालायचे. पहिल्यांदा सांगायला आले होते तुमच्याकडे. तुम्ही म्हणालात, 'तुम्ही फक्त तराजू बघा.'"