जावईबापूंच्या गाडीची वर्तणूक

पोशीर,
बुधवार, ता. ११ जानेवारी १९७८

जावईबापू जयवंतराव यांस पोशीरहून धर्माजीचा मनापासून जय भीम.

आम्ही दोघे इकडे हिंडते-फिरते आहोत, तुम्ही उभयता तसेच असाल असे धरून चालतो. तुमचा खोकला गेला का? आमच्या सोनूला म्हणावे, नवऱ्याला रात्रीचे केळे देऊ नकोस. (मला खोकल्याची फार धास्ती. गेल्या साली मला आला होता तेव्हा मी जमिनीचे कागद काढून उशाला ठेवले होते. चार दिवसांत बरा झाला, पण कागद अजून पेटीत परत ठेवलेले नाहीत.)

तुमचे पत्र शनिवारी पोचले. खोपोलीचे गिऱ्हाईक मिळाले आहे, येत्या रविवारी येऊन गाडी विकून मोकळा होतो, असे तुम्ही लिहिता. वाचून आनंद झाला. (आनंद झाला असेच लिहायची पद्धत आहे. खरे तर छातीत धडधडले, पण ते मला नुसता पोस्टमन दिसला तरी होते.) तुमच्या चाळीत उभी करायला जागा नाही म्हणून वर्षापूर्वी तुम्ही विश्वासाने ती माझ्या पेंढ्याच्या मांडवात आणून ठेवलीत. तेव्हा गिऱ्हाइकापुढे जाण्याआधी तिची वर्तणूक तुमच्या कानावर घालणे माझे काम आहे. नाहीतर चारचौघांत ती ऐन वेळी बसून राहायची आणि ठपका सासऱ्यावर यायचा.

जाताना तुम्ही दोन कामे सांगितली होतीत. एक दिवसाआड गाडी चालू करून गावाबाहेर फिरवून आणायची, आणि संध्याकाळी बॅटरीची तार काढून ठेवायची, म्हणजे बॅटरी उतरत नाही. चालवायला आमचे शेजारी लडकू आहेत (खडीच्या खाणीवर बावीस वर्षे ट्रक चालवला, आता दम्यामुळे घरी बसून असतात आणि दुसऱ्यांना कसे चालावे ते सांगतात). तार काढायचे-लावायचे मात्र मी कोणाच्या हाती दिले नाही. जावयाची वस्तू, उद्या काही कमीजास्त झाले तर माझ्याच हातून व्हावे.

आता वर्तणूक. गाडीच्या मनात असले तर लडकूंनी किल्ली फिरवताच चालू होते, नसले तर हूं की चूं करत नाही. मध्यम असे काही नाही. मी कॅलेंडरवर कोळशाने खुणा करू लागलो. सोमवारी चालू, बुधवारी बंद, शुक्रवारी चालू, पुढच्या बुधवारी पुन्हा बंद. छप्पन साली धम्म घेतला तेव्हापासून मी वार आणि मुहूर्त सोडून दिले आहेत, पण गाडीने अजून सोडलेले दिसत नाहीत. लडकू म्हणाले थंडीमुळे असेल, म्हणून तिच्यावर रात्री गोधडी घातली. दुसऱ्या दिवशी गाडी बंद आणि मला पडसे, कारण घरात गोधडी ती एकच बरी होती. ठकूबाई रोज बोलू लागली, "अवो, ती गाडी हाय का गाभण म्हस? उठल्यापास्नं तिच्या त्वांडाकडं काय बघत बसता?" (तुमच्या सासूबाईंचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. हे तिला वाचून दाखवू नका. मुक्कामी आलात की तिला सगळे विचारायची सवय आहे.)

दिवाळीनंतरची गोष्ट. ठकूबाईची दाढ ठणकत होती म्हणून गाडीने नेरळला निघालो. मांडीवर तिने अंड्यांची टोपली घेतली, डॉक्टरीणबाईंना द्यायला. नेरळच्या फाटकावर लडकूंनी पेट्रोल वाचावे म्हणून गाडी बंद केली. मालगाडी गेली, फाटक वर झाले, आणि आमची गाडी तिथेच. मागे एस.टी., तिच्यामागे दोन बैलगाड्या आणि एक टेंपो. एस.टी.चा कंडक्टर खाली उतरून मला म्हणाला, "बाबा, एक फाटक उघडलं, आता तुमचं कवा उघडताय?" शेवटी बसमधली माणसे ढकलायला उतरली. कंडक्टरने ठकूबाईलाही सांगितले, "आजी, उतरा जरा, तेवढंच हलकं व्हईल." ती आतूनच म्हणाली, "मी गाडीनं आलेय रं. चालायचं असतं तर घरनंच चालत नसते का निघाले?" आणि बसून राहिली. आम्ही तेरा जणांनी जोर लावला. रुळावर चाक आपटले, त्यासरशी गाडी आपोआप सुरू झाली आणि लडकू घाबरून थांबलेच नाहीत. दाढ आणि अंडी दोन्ही पुढे गेली. मी मागे राहिलो तो त्याच एस.टी.त चढलो, आणि स्टँडपर्यंत माझ्याकडे बघून सगळी बस हसत होती.

तेव्हा मी कर्जतहून सखा मिस्त्रीला बोलावले. मिस्त्री आला, किल्ली फिरवली, गाडी चालू. दुसऱ्यांदा बोलावले तेव्हाही चालू. मला म्हणाला, "काका, गाडीला कायबी झालं नाय. तुमीच एकदा डॉक्टरला दाखवा." तिसऱ्या वेळी मी त्याला जेवायलाच ठेवून घेतले, म्हणजे तेवढ्यात गाडीचे मन बदलेल. भाकरी आणि सुक्या बोंबलाचे कालवण झाल्यावर तो मांडवात विडी ओढत बसला आणि मी सवयीप्रमाणे तार काढून परत लावून दाखवली. त्याने विचारले, "काका, ही येवढी ढिली का ठेवलीत?" मी सांगितले, ढिली नाही, दोन बोटे जागा सोडली आहे. चाळीस वर्षे मी बैल जुंपतो. गळ्याचा पट्टा दोन बोटे सैल असला तरच मान सोलत नाही आणि जनावर मनापासून ओढते. माझ्या एकाही बैलाच्या मानेला कधी फोड आलेला नाही, तर जावयाच्या गाडीला का येऊ देईन? मिस्त्री हसता हसता खाली पेंढ्यात बसला. मग पाना घेऊन तार आवळली. मला ते बघवले नाही, मी तोंड फिरवले.

त्याला आज बारा दिवस झाले. गाडी रोज चालू होते, बुधवारसुद्धा. तरी तुम्ही रविवारी बेलाशक या आणि ती घेऊन जा. मांडवात पेंढा ठेवायला जागा होईल, माझी छाती शांत होईल, आणि "गाडी बसली" असे माझे कार्ड आले की तुम्हा दोघांना सुट्टी मोडून पोशीरला धावावे लागते, तो तुमचा त्रास वाचेल. सगळ्यांच्याच दृष्टीने बरे.

आपला सासरा,
धर्माजी

ता. क. खोपोलीचे गिऱ्हाईक पत्ता काढत कालच एकटे येऊन गेले. भला माणूस, चहा घेतला. मी त्यांना कॅलेंडर दाखवले आणि फाटकाची हकीकत सांगितली. खोटे एक अक्षर बोललो नाही. मिस्त्रीने तार आवळली तेवढे सांगायचे राहून गेले. माणूस घाईत होता, गाडी न बघताच उठला. रविवारी बहुतेक येणार नाही.

ता. क. दुसरे. ठकूबाई शेजारी बसून लिहायला लावते आहे. गाडी यायच्या आधीच्या तीन वर्षांत सोनू माहेरी तीनदा आली. गाडी आल्यापासून एका वर्षात चौदा वेळा आली, आणि तुम्हीही. ती म्हणते, हे जावयाला कळवा. मी म्हटले, जावयाला असे लिहिणे बरे दिसत नाही. म्हणून लिहीत नाही.

ता. क. शेवटचे. गाडी आता रोज चालू होते, हीच मोठी पंचाईत झाली आहे. कार्डावर काय लिहावे ते सुचत नाही. रविवारी सोनूला घेऊन या, गिऱ्हाईक असो वा नसो. शक्यतो विकू नका. विकणारच असाल तर तिच्या जागी दुसरी कोणतीही आणून ठेवा. अजिबात चालू न होणारी असली तर फारच बरे.