बॉनेट हलकं करताना

३ जानेवारी
निर्णय पक्का. मार्चमध्ये क्लबची शर्यत, त्याआधी गाडी हलकी करायची. सुरुवात बॉनेटपासून. कार्बन फायबरच. फायबरग्लास म्हणजे पाण्याच्या टाक्या. बायकोला समजावलं. ती म्हणाली, गाडी चाललीय ना नीट? तांत्रिक विषयात तिला गती नाही.

७ जानेवारी
दुकानदाराने कार्बन बॉनेटची किंमत सांगितली. मी पुन्हा विचारली. त्याने पुन्हा तीच सांगितली.
घरी येऊन शांतपणे विचार केला. कार्बन हल्ली कुणीही लावतं. फायबरग्लास घरच्या घरी करता येतं. माझा कल पहिल्यापासून तिकडेच होता.

१२ जानेवारी
चार व्हिडिओ पाहिले. आधी चांगल्या बॉनेटवरून साचा काढायचा, मग त्या साच्यात नवं बॉनेट. माझ्या बॉनेटला पोचा आहे (चूक गेटची). सासऱ्यांची गाडी याच मॉडेलची, नवीकोरी दिसते. दोन दिवसांसाठी मागितली. ते बराच वेळ चहाच ढवळत राहिले. शेवटी बायकोने शब्द टाकला. किल्ली दिली, पण तिच्या हातात.

१९ जानेवारी, सकाळ
साचा चिकटू नये म्हणून बॉनेटवर खास मेणाचे थर द्यावे लागतात म्हणे. सासरे दर रविवारी गाडीला पॉलिश करतात. म्हणजे थर आहेतच. वेळ वाचवला.

दुपार
काचेच्या तंतूंची चटई अंथरली, वर रेझिन फासलं. हात बसला आहे माझा. हाफ पँटमध्ये काम मोकळेपणाने होतं. पायांना किंचित खाज.

२० जानेवारी
मीटिंगमध्ये सारखी चुळबुळ. साहेबांना वाटलं, मला उत्साह आलाय. वार्षिक अहवाल माझ्या गळ्यात.
साचा निघत नाही. काम पक्कं झाल्याचं लक्षण.

२१ जानेवारी
पाचर ठोकली, गरम पाणी ओतलं. साचा जागचा हलला नाही. कडेचा रंग मात्र निघाला.
तेवढ्यात सासरे आले. गाडीभोवती एक फेरी मारली, नखाने टोकरून पाहिलं. म्हणाले, "हा साचा आता गाडीचाच झाला."
आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

२३ जानेवारी
बायकोने तोड काढली. माझं बॉनेट पोचा काढून, रंगवून त्यांच्या गाडीला. त्यांचं, साच्यासकट, माझ्या गाडीला. मी मोठ्या मनाने मान्य केलं. शेवटी माझ्या गाडीला फायबरग्लास लागलंच की. खाली पत्रा आहे, एवढंच.

२ फेब्रुवारी
वजन केलं. मूळ बॉनेटपेक्षा नऊ किलो जास्त. पुढच्या चाकांना पकड चांगली मिळणार. याचा विचार अजून कुणी केलेला दिसत नाही.

१५ मार्च
शर्यत झाली. तपासणीच्या वेळी माझं बॉनेट दोघांना धरून उभं राहावं लागलं; टेकूचा दांडा वजनाने वाकला होता. वळणांवर पकड उत्तम. सरळ रस्त्यावर जरा कमी पडलो. अकरावा आलो. बाराव्याची गाडी सुरूच झाली नव्हती.
सासरे बघायला आले होते. बायकांच्या शर्यतीत एक जागा रिकामी होती, म्हणून त्यांनी लेकीला सांगितलं, आपली गाडी पळवून बघ. ती तिसरी आली. सासऱ्यांनी सगळ्यांना चहा पाजला, मलाही. पाठीवर हात ठेवून म्हणाले, "जावईबापू, पुढच्या वर्षी तुम्ही घड्याळ धरा."
घरी येताना बायको त्यांच्या गाडीत. मी मागून. पहिल्या सिग्नलपर्यंत दिसत होते.