शब्द पुरवायचा नाही

प्रिय बडबडे,

शाळेचं काय ठरलं म्हणून तू विचारलंस. सांगते, जरा लांबण लागेल. शिक्षिकेच्या प्रशिक्षणाला नाव घालण्याआधी महिनाभर खऱ्या वर्गात बसून बघ, हा सल्ला तुझाच. तू स्वतः काही न बघता दाखल झालीस आणि तिसऱ्याच महिन्यात गाशा गुंडाळून परत आलीस, त्यामुळे सल्ला अनुभवाचा होता. मी ऐकला. आई गेल्यावर घरात बसून तरी काय करणार होते? चष्म्याच्या दुकानातली नोकरी तिच्या आजारपणातच सुटली होती. शिकवायची हौस मला होती असं मात्र समजू नकोस. मी मनाशी एवढंच ठरवलं होतं, की या महिन्यात एकदा जरी आतून काही वाटलं, राग, हसू, वैताग, काहीही, तर प्रशिक्षणाला हो म्हणायचं. नाहीतर नाही. उत्तर या शुक्रवारी द्यायचं होतं.

वर्ग आठ वर्षांच्या मुलांचा. मला सगळ्यात मागे, कपाटाला लागून एक खुर्ची मिळाली आणि पोरांनी पहिल्याच दिवशी माझं नाव पाडलं, मागच्या बाई. सुरुवातीला नुसतं बघायचं होतं. कोण कुणाला कोपराने ढोसतंय, कुणाची पेन्सिल सारखी मुद्दाम पडतेय, फळा पुसताना वर्गाच्या बाई श्वास कसा रोखून धरतात, सगळं बघितलं. दिसत सगळं होतं, आत काही पोचत नव्हतं. एकदा दोन पोरं धावताना एकमेकांवर आदळली, एकाचा दात पडला. रक्त बघून निम्मा वर्ग रडायला लागला. मी त्याचं तोंड धुतलं, ओला रुमाल दाबून धरायला दिला आणि बाकांखाली वाकून त्याचा दातही शोधून दिला. बाई म्हणाल्या, काय शांत डोकं आहे हो तुमचं! मी म्हटलं, थँक्यू. घरी येऊन भात लावला, जेवले, झोपले.

मग थोडं थोडं शिकवायला मिळालं. तिथे एक पद्धत आहे. मुलाला प्रश्न विचारला की गप्प राहायचं. उत्तर आपण द्यायचं नाही, पहिलं अक्षरही सुचवायचं नाही, डोळ्यांनीसुद्धा घाई करायची नाही. बाई सांगत होत्या, नव्या माणसांना हेच जमत नाही, वर्गातली शांतता त्यांना खायला उठते आणि ती स्वतःच उत्तर देऊन मोकळी होतात. मला पहिल्याच दिवशी जमलं. पोर छताकडे बघतंय, नखं खातंय, बाकीचे हात वर करून नाचतायत, आणि मी उभी. बाईंनी मुख्याध्यापकांनाही बोलावून दाखवलं. दोघांचं एकमत झालं, असा धीर शिकवून येत नाही, या बाईंनी प्रशिक्षण घ्यायलाच हवं. मला कळत होतं की हा धीर नाही. उत्तर आलं काय न आलं काय, मला काही फरकच पडत नव्हता.

आणि गप्प राहायला मी कुठे शिकले ते तुला माहीतच आहे. आईची वाचा गेली तेव्हा तिला बोलायला शिकवणाऱ्या बाई यायच्या. त्यांनी मला ताकीद दिली होती, शब्द पुरवायचा नाही, तिचा तिला शोधू दे. 'उशी' म्हणायला तिला अख्खी सकाळ लागायची आणि मी समोर बसून राहायचे. उशी हातात असायची गं माझ्या. पण शब्द आला की आई अशी काही बघायची, जणू मीच तिची परीक्षा घेतली आणि ती पहिली आली. शेवटच्या दुपारी ती हाताने काहीतरी दाखवत होती. मूठ वळवायची, सोडायची, पुन्हा वळवायची. दार? नळ? किल्ली? मनात मी सगळं म्हणून पाहिलं, तोंडाने काही म्हटलं नाही, कारण तसंच सांगितलं होतं. शब्द काही आला नाही. तेव्हापासून मी जी अशी आहे, ती आहे.

बुधवारी मी एक खेळ घेतला. कापडी पिशवीत घरातल्या वस्तू घातल्या होत्या. न बघता हात घालायचा, चाचपायचं आणि वस्तूचं नाव सांगायचं. एक मुलगी आहे, इतकं हळू बोलते की तिला सगळे कुजबुज म्हणतात. तिने हात घातला आणि तिचे डोळे चमकले. वस्तू तिला कळली होती, नावच सापडत नव्हतं. दुसऱ्या हाताने तिने चहा ओतून दाखवला, मग कप हलवून दाखवला. पोरं हसायला लागली. मी नेहमीसारखी गप्प. तिने पुन्हा ओतून दाखवलं, ओठ हलवले, आणि सगळा वर्ग सोडून माझ्याकडे बघितलं. माझ्या छातीत काहीतरी असं धडधडायला लागलं की मी ओरडले. गाळणी! गाळणी गं बाळा, गाळणी!

कुजबुजने पिशवीतून गाळणी काढली, टेबलावर आपटली आणि शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मला येतच होतं ना!" ती लाल झाली होती. मी तिची माफी मागायला वाकले आणि तिथेच, चाळीस पोरांसमोर, मला रडू फुटलं. बाईंनी मला हाताला धरून शिक्षकांच्या खोलीत नेलं, पाणी दिलं. मी म्हटलं, चुकले. त्या म्हणाल्या, चुकलातच, ही तर पहिली चूक, सगळ्यांची होते. मग म्हणाल्या, खरं सांगू का, एवढे दिवस तुमचं कौतुक करत होते, पण घरी नवऱ्याला म्हणायचे, त्या बाईंना पोरांचं काही पडलंय की नाही तेच कळत नाही. आता जा, चूक करणाऱ्यालाच शिकवता येतं.

शुक्रवारी मी हो म्हणून आले. पण तुला एवढंच सांगायला एक ओळ पुरली असती. आई गेल्यापासून तू मला तिच्याबद्दल काही विचारत नाहीस. फोन करतेस, जेवलीस का म्हणतेस आणि गप्प बसतेस. मी सावरले की आपण होऊन बोलेन म्हणून तू थांबली आहेस, हे मला कळतं. कुणीतरी तुलाही तसंच सांगितलं असेल. बयो, माझ्याने नाही होत. शब्द येत नाहीयेत. तू ये, आणि आल्या आल्या माझ्याऐवजी तूच बोल. आई कुठे गेली, तिला काय हवं होतं, तुला रात्री झोप लागते का, जे तोंडाला येईल ते बोल. चुकीचं बोललीस तर मी आपटेन काहीतरी टेबलावर. पण आता थांबू नकोस.

तुझीच,
मी