मधोमध आवाज

८ ऑक्टोबर
काल परतीच्या वाटेवर शिराडी घाटात वनजा दोनदा ओकली. दुसऱ्यांदा तर गाडी वळणावरच थांबवावी लागली. मागे लॉऱ्यांची रांग, हॉर्नचा कल्लोळ. मी खाली उतरून नुसता उभा. पाठीवर हात फिरवावा हेही उशिरा सुचलं.

सलाईनसाठी दर तीन आठवड्यांनी मंगळूर. सकलेशपूरहून जायला चार तास, यायला चार. डॉक्टर म्हणतात, "रस्त्यात त्यांचं मन कशात तरी गुंतवा." कशात गुंतवू? तीस वर्षांत मला तिच्याशी सलग अर्धा तास बोलता आलेलं नाही.

मग तिनेच पर्समधून पेनड्राइव्ह काढला. तिच्या भावाने, मंजूने, जुन्या कॅसेटवरून करून दिलेला. मंजूच्या लग्नात तिच्या आईने म्हटलेली सोबाने — लग्नात बायका बसून म्हणतात ती गाणी. आई त्यानंतर वर्षभरात गेली. तिचा आवाज एवढाच उरलाय.

गाडीतले स्पीकर कंपनीचे, कागदी. पत्र्याच्या डब्यात तोंड घालून कुणी गातंय असं वाटलं. वनजाने बराच वेळ ऐकलं. मग म्हणाली, "ही अम्माच ना हो? मला ओळखूच येत नाहीये."

स्पीकर बदलायचे. ठरलं.

१३ ऑक्टोबर
माझा धंदा वजनकाट्यांचा. कॉफीच्या यार्डांतले काटे मी तपासतो, दुरुस्त करतो. अंदाज, साधारण, चालेल — हे शब्द मला सहन होत नाहीत. काटा जिथे वापरायचा तिथेच तपासायचा. दुकानात बरोबर करून यार्डात नेला की तो खोटा झालाच. हे सांगून सांगून जन्म गेला.

तेव्हा गाडीचंही तसंच, मुळापासून. आज दारं उघडून पाहिली. आतला पत्रा उघडा, बोटाने टिचकी मारली तरी वाजतो. चांगला स्पीकर बसवला तरी हा पत्रा सोबत गाणारच. आधी पत्र्याला आतून जाड थर लावून घ्यायचा. मग स्पीकर. मग ॲम्प्लिफायर.

वनजा दारात उभी राहून बघत होती. "माझी ऑपरेशनं कमी पडली म्हणून गाडीचं काढलंत?"

२८ ऑक्टोबर
दुसरी सलाईन. सहा तास लागतात. मी खुर्चीत बसून थेंब मोजत होतो. ती म्हणाली, "जा तुम्ही त्या स्पीकरच्या दुकानात. मोजून काही लवकर संपत नाही ते."

गेलो. दुकान शम्सूचं. हसऱ्या तोंडाचा, पण कानाचा पक्का माणूस. मी पेनड्राइव्ह दिला. त्याने ऐकलं आणि माझ्याकडे बघत राहिला. "अण्णा, माझ्याकडे लोक येतात ते शेजाऱ्याच्या खिडक्या हादराव्यात म्हणून. म्हातारीच्या गाण्यासाठी आलेले तुम्ही पहिलेच."

"वूफर नको," मी म्हटलं. "सोबानेत ढोल नसतो."

फळीवर स्पीकरचे तीन जोड लावलेले. तिन्हींवर तेच गाणं ऐकलं. पहिल्याचा ट्वीटर, म्हणजे बारीक आवाजाचा छोटा स्पीकर, धातूचा — कॅसेटची खरखर तव्यावर मोहरी तडतडावी तशी. दुसरा गोड, पण सगळ्या बायका एकाच नाकातून गायलेल्या. तिसऱ्याचा ट्वीटर रेशमी पडद्याचा. त्यावर सासूबाईंनी ओळ संपवून घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला. त्यांना दमा होता. मी शम्सूला म्हटलं, हाच.

परत पोचलो तेव्हा चार वाजून गेलेले. वनजा बाहेर बाकावर, पिशवी मांडीवर घेऊन. "किती वेळ झाला?" — "आत्ताच." शिपाई म्हणाला, बाई तासभर बसल्यात.

३ नोव्हेंबर
केस गेले. तिने उशीचा अभ्रा स्वतःच अंगणात झटकला.

१८ नोव्हेंबर
गाडी दिवसभर शम्सूकडे. मी तिथेच. वनजाजवळ मंजूची बायको बसली.

दारांना थर लागले. टिचकी मारली तर आता भिंतीवर मारल्यासारखी वाजते. मोठे स्पीकर दारांत, ट्वीटर पुढच्या काचेच्या दोन्ही कडांच्या खांबांवर. सीटखाली ॲम्प्लिफायर, त्याच्या शेजारी प्रोसेसर — कुठला स्पीकर किती उशिरा आणि किती मोठा वाजायचा ते हा ठरवतो. शम्सूने बारीक माइक काढला. "आवाज कुठल्या सीटच्या मापाने लावू? दोन्हींना एकदम जमत नाही अण्णा, एक सांगा."

"चालवणाऱ्याच्या. दुसरीकडे कुठे लावतात?"

"नाही, सगळे तीच सांगतात. विचारायचं म्हणून विचारतो."

माइक माझ्या डोक्याच्या उंचीला टांगला. अर्धा तास लॅपटॉपवर आकडे. मग मी बसलो, डोळे मिटले. सासूबाई समोर! उजवीकडे नाहीत, डावीकडे नाहीत. डॅशबोर्डच्या बरोब्बर मधोमध पाय दुमडून बसल्यात आणि गातायत. माझ्या अंगावर काटा आला.

परतताना वनजाने सगळं ऐकलं. "बरंय," म्हणाली. एवढंच. दिवसभराच्या सुया टोचून घेऊन आलेल्या बाईकडून आणखी काय हवं होतं मला? पण हवं होतं. खरं ते लिहितो.

९ डिसेंबर
हाडांत थंडी शिरलीय म्हणते. घाट उतरून खाली उप्पिनंगडीच्या उकाड्यात आलो तरी शाल सोडत नाही. डोक्यावरून घेते आणि डावा कान घट्ट झाकते. मी एसी बंद केला. घामाने माझा शर्ट चिंब झाला, पण बंदच ठेवला.

विचारलं, "अम्माचा आवाज कुठून येतोय सांग बघू."

ती म्हणाली, "तुम्ही म्हणता तिथूनच."

मधोमध! म्हणजे तिलाही कळतंय. उगाच तिच्या कानावर शंका घेतली.

३० डिसेंबर
आज तिने आपणहून एक गोष्ट सांगितली. "अम्मा जरा लांब गेल्यासारखी वाटते." मला आनंदच झाला, काहीतरी दुरुस्त करण्याजोगं सापडलं म्हणून. तिला सलाईन चालू असताना शम्सूकडे धावलो, वरच्या पट्ट्या, म्हणजे ट्वीटरचा आवाज, दोन घरं वाढवून घेतल्या. माझ्या सीटवर बसून तपासलं — शब्द न् शब्द मोकळा.

परतताना विचारलं. "आता बरी," म्हणाली. पाच मिनिटांनी — "बंद केलंत तरी चालेल. डोकं दुखतंय."

बंद केलं. वाईट वाटलं. पत्र्यापासून सगळं बदललं, तीन महिने दुसरं डोक्यात नाही, आणि बाई पाच मिनिटं ऐकते! घाटात एक शब्द बोललो नाही तिच्याशी. घरी आल्यावर तिने भात टाकायला घेतला, मी घेऊ दिला. इतका हलकट आहे मी.

२० जानेवारी
आज सलाईन लावलीच नाही. डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं. "आता घरीच ठेवा. त्यांना आवडेल ते करा."

बाहेर आलो. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पिशवी उचलली. "चला. अंधार पडायच्या आत घाट चढू."

घाटाच्या पायथ्याशी, गुंड्याजवळ ती स्वतःच म्हणाली, "लावा ना अम्माची गाणी."

लावली. सासूबाई समोर बसून मुलाच्या लग्नातलं गाणं गात होत्या आणि मला पुढचा रस्ता दिसेना. रडलो. तिच्यासमोर पहिल्यांदाच. तिने शाल कानावरून गच्च ओढून घेतली, डोकं खिडकीकडून वळवून माझ्याकडे केलं. मग म्हणाली, "तुम्हाला नीट ऐकू येतंय ना?"

"अगदी समोर आहेत ग."

"मग झालं."

२ फेब्रुवारी
पेज दोन चमचे. पाणीही नको म्हणते. गाडीत बसून गाणी ऐकायची का विचारलं. मान हलवली, नको.

११ फेब्रुवारी
वनजा गेली. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी.

१३ फेब्रुवारी
लोक येतात. सगळे विचारतात, शेवटी काय म्हणाली? काही नाही म्हणाली. "गॅस बंद केलात का" हे शेवटचं. ते कुणाला सांगवत नाही.

एका गोष्टीचं समाधान आहे, इथे लिहून ठेवतो. आईचा आवाज तिला नीट ऐकवला. एवढं तरी माझ्या हातून बरोबर झालं.

१६ फेब्रुवारी
अस्थी घेऊन उप्पिनंगडीला संगमावर गेलो. मडकं माझ्या मांडीवर, म्हणून गाडी मंजूने चालवली. मी डावीकडे, तिच्या जागी. या गाडीत कधीच बसलो नव्हतो तिथे. घाटात मंजूने गाणी लावली आणि हुंदका देऊन म्हणाला, "भाऊजी, अम्मा समोर येऊन बसलीय हो." मी समोर पाहिलं. कुणी नव्हतं. डाव्या खांबावरचा ट्वीटर कानापासून हातभर, त्यातून नुसती खरखर टोचत होती, आणि तिच्यामागे लांब कुठेतरी कुणीतरी बाई. सासूबाई होत्या की नाही, मला ओळखता आलं नाही. मैलभर कसंबसं काढलं. कान दुखायला लागला. तिची शाल अजून दाराच्या कप्प्यात आहे. ती काढली आणि डावा कान झाकून घेतला.