कोठाराचं दार एका बोटानं लागतं

ती. सौ. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला थांबला का? काल विचारायचं राहिलं. (मागच्या वेळी फोनवर तू बोलत होतीस की ते खोकत होते, हेच मला कळत नव्हतं.) इकडे मी खुशाल आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. पत्र दूधवाल्याच्या हाती पाठवतोय आणि ते कोठाराच्या आरक्षणाच्या कोऱ्या अर्जांच्या मागे लिहिलंय, कारण कोऱ्या अर्जांना इथे तोटा नाही. फोन सोडून पत्र का, ते पुढे येईलच. तू मात्र उभ्यानं वाचू नकोस, गुडघा दुखेल. (वाचून झालं की लगेच उठायचं आहे.)

पोरीचं लग्न रविवारवर आलं. शहरातला थंडगार हॉल सोडून ‘लग्न मामाच्या कोठारातच’ असा तिनं हट्ट धरला, तेव्हा मला भरून आलं होतं. तेव्हा बोललो नाही, आता सांगतो. दोनशे वर्षं ज्यात धान्य आणि उंदीर यांच्याशिवाय कोणी राहिलं नाही, ते कोठार तीन वर्षं खपून दुरुस्त केलं, ‘समारंभांसाठी मिळेल’ अशी पाटी लागली, मी व्यवस्थापक झालो, आणि गेल्या पाच महिन्यांत इथे एकही समारंभ झालेला नाही. (गावच्या मंडळाची एक बैठक ठरली होती. ‘आत आपलंच बोलणं आपल्याला दोनदा ऐकू येतं’ म्हणून ती शाळेत गेली.) त्यामुळे हे पहिलं लग्न आणि तेही भाचीचं. त्यात व्याह्यांनी अट घातलेली, की जागा स्वतः पाहिल्याशिवाय होकार नाही, शहरातला हॉल त्यांनी आज दुपारपर्यंत धरून ठेवलाय. तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागलाय. परवा मी झोपेत खुर्च्या मोजत होतो, असं तुझी भावजय सांगते.

आता चुनेवाल्या बाईंबद्दल. कोठार दुरुस्त करणाऱ्या या बाई फार विद्वान, पण भिंतीला माणसापेक्षा जास्त जपतात. खिळा ठोकायचा नाही. तुळईला दोरी बांधायची नाही. सिमेंटचं नाव काढलं तरी त्यांचा चेहरा असा होतो, की जणू मी त्यांच्या आईला काही बोललो. नळाचा पाइप भिंतीतून नेऊ देईनात, म्हणून हात धुवायची आणि इतर सगळी सोय बाहेर, चिंचेपलीकडे केली. आणि कुलूप मूळचंच हवं! वीतभर लांब किल्ली, ती एकच. दुसरी करायची म्हटलं तर ‘इतिहासाची नक्कल होत नसते’ म्हणाल्या. दार ओढलं की खिट्टी आपोआप पडते आणि फक्त बाहेरून किल्लीनं उचलली जाते. आतून भोकसुद्धा नाही. मी विचारलं, असं कसं? तर म्हणाल्या, धान्याला आतून दार उघडायची गरज कधी पडली होती? सध्या आतला चुन्याचा नवा हात ओला आहे म्हणून दाराला वीट लावून ते रात्रंदिवस उघडं ठेवायचा हुकूम आहे. गाव म्हणतं, चोरायला आहे काय आत, व्यवस्थापक?

काल तू आत्याला घेऊन जागा दाखवायला आलीस, ते बरं झालं. पायऱ्या उतरताना आत्या डगमगली, तेव्हा माझ्या एका हातात आत्या, दुसऱ्या हातात आत्याची काठी, आणि तिसरा हात देवानं दिला नसल्यानं जे होतं ते मी तुझ्याकडे दिलं. आत्याला गाडीत बसवून तुम्ही गेलात. मी किती निर्धास्त झोपलो, ते आता आठवलं की लाज वाटते.

आज सकाळी आठलाच व्याही हजर! एकटेच. बाहेरच्या खोलीत मी त्यांना चहा दिला, मग घाबरून दुसरा दिला, आणि बोलायला काही सुचेना म्हणून तिसरा. माणूस सज्जन, पण मितभाषी. आत नेलं, तर छत पाहून ‘हं’ म्हणाले. भिंत पाहून ‘हं’. फरशी पाहून त्यांनी घड्याळ पाहिलं. काहीतरी जबरदस्त दाखवायला हवं म्हणून मी दाराकडे वळलो. ताई, तुला ठाऊक आहे, शहाणपण मला नेहमी नको तिथे सुचतं. म्हटलं, एवढं अवजड दार, पण तोल असा साधलाय की एका बोटानं लागतं. पायानं वीट सरकवली आणि करंगळी टेकवली. दार लागलं. फारच सुरेख लागलं. व्याही पहिल्यांदा ‘वा!’ म्हणाले.

ते आता समोर खुर्चीवर बसून माझ्याकडे पाहताहेत. मी जागेची माहिती लिहून देतोय, असा त्यांचा समज आहे. भाऊजींना नमस्कार, पोरीला आशीर्वाद.

तुझा धाकटा

ता. क. : तुझी पर्स बघ. मधल्या कप्प्यात वीतभर लोखंडी किल्ली असेल. ती घेऊन ये. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. माझा मोबाइल बाहेर चार्जिंगला आहे आणि व्याह्यांच्या मोबाइलला या भिंतीतून रेंज येत नाही. भिंतीत खाली धान्य काढायचं मांजराएवढं भोक आहे, त्यातून पत्र दूधवाल्याला देतोय. तोंडी सांगितलं असतं तर दुधाबरोबर बातमीही घरोघर गेली असती आणि पहिल्या लग्नाआधीच कोठाराचं नाव झालं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून पत्र ओल्या चुन्यानं चिकटवून देणार आहे.

ता. क. दुसरा : शेवटी मी व्याह्यांना खरं सांगितलं. हात जोडले, डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी उठून दारावर आतून हात फिरवून पाहिला. मग म्हणाले, ‘‘म्हणजे आतून कोणालाच जाता येत नाही?’’ म्हटलं, नाही. ‘‘आमचे दादा आजवर प्रत्येक लग्नातून रुसून उठून गेलेत. माझ्यासुद्धा!’’ असं म्हणून ते हसले ते कोठारात दोनदा ऐकू आलं. जागा पसंत! शहरातला हॉल ते सोडताहेत. एकच अट, रविवारी किल्ली त्यांच्या खिशात राहील. तेव्हा घाई करू नकोस, गुडघा सांभाळून सावकाश ये.

ता. क. तिसरा : सावकाश नको. त्यांनी आत्ताच विचारलं, ‘‘ती सोय कुठे आहे?’’ चिंचेपलीकडे, ताई. आणि चहा तीन कप झालाय. भाऊजींना स्कूटरवर पाठव.